सगळा दोष रुईचा

भिवंडीत काहीही बिघडलं की माणसं आधी रुईला धरतात. पंखा अडला, रुई. डोळे लाल झाले, रुई. वरणात केस निघाला तरी आमच्या घरात तो सुताचा धागा ठरायचा आणि जेवण पुढे चालू व्हायचं. आमची गल्ली लूमच्या कारखान्यांना पाठ लावून उभी आहे. कापड विणताना कापसाचे बारीक तंतू उडतात आणि जागा मिळेल तिथं बसतात: खिडकीच्या जाळीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, भिंतीतल्या फळीवरच्या बुद्धमूर्तीच्या खांद्यांवर. आई रोज पुसते आणि रोज बडबडते. या रुईवर मी माझ्या कामातली चूक ढकलली आणि बाबांनी त्यांचा खोकला ढकलला. दोघंही आपापल्या जागी स्वतःला शहाणे समजत होतो.

बाबा जॉबर, म्हणजे बिघडलेला लूम उघडून चालू करून देणारा माणूस. निवृत्त झाले ते नावापुरते. सकाळचा चहा झाला की पाय आपोआप कारखान्याकडे वळायचे, आणि शेठही त्यांना चहापाण्यावर राबवून घ्यायचा. त्यांना खोकला होता. कधीपासून, ते कुणालाच सांगता येणार नाही, कारण आमच्या घरात खोकला हा घड्याळाच्या टिकटिकीसारखा होता. मी म्हणायची, थुंकी तपासून घ्या, महापालिकेच्या दवाखान्यात फुकट होतं. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं.

"रुईचा खोकला हाय ह्यो. भिवंडीत खोकत न्हाय असा एक मानूस दाखव मला."

असा माणूस मी कुठून दाखवणार? विषय तिथंच मिटायचा. वर, मी पीएच.डी. करते म्हणून हेच गृहस्थ नाक्यावर सगळ्यांना सांगायचे की पोरगी डागदर व्हनार. आणि खोकल्याचा विषय निघाला की मला ऐकवायचे, तू ती डागदर न्हाय. म्हणजे मिरवायला डॉक्टर आणि ऐकायची वेळ आली की कुणीच नाही. या गोष्टीनं मी जितकी चिडले असेन तितकी कशानंच चिडले नाही.

मी इथल्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. कायम व्हायचं तर पीएच.डी. हवी, आणि पीएच.डी. व्हायची तर माझ्या मार्गदर्शक मॅडम निवृत्त व्हायच्या आत व्हायला हवी, कारण त्यांच्यामागे माझा विषय घ्यायला जवळपास कुणी नव्हतं. विषय असा: शरीराच्या पेशीत घुसून राहणारे जिवाणू त्या पेशीच्या डीएनए-आरएनए तयार करण्याच्या कामात काय ढवळाढवळ करतात. नातेवाइकांना हे सांगितलं की ते आधी "अरे वा" म्हणायचे आणि मग विचारायचे, लग्नाचं काय. आत्याचा मुलगा तर दर भेटीत सांगायचा की वळ गावातल्या गोदामात क्वालिटी तपासायला जागा आहे, एसीत बसायचं, उंदीर-जिवाणू काही नाही.

विषय खरं तर कुणालाही कळेल असा आहे. आपल्या शरीरात रोगजंतू गिळून पचवणाऱ्या भक्षक पेशी असतात. काही जिवाणू असे हुशार, की ते गिळले जातात पण पचत नाहीत. ते पोटभाडेकरूसारखे आतच राहतात आणि हळूहळू मालकाच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतात. मालकीणबाईंनी काय शिजवायचं, किती शिजवायचं, हे तेच ठरवायला लागतात. पेशीला दोन व्हायचं असेल तर आधी आपल्या डीएनएची पूर्ण नक्कल करावी लागते. टायफॉइडच्या जातकुळीतला माझा जिवाणू आत शिरला की ही नक्कल थांबते असा आमचा अंदाज होता आणि तो सिद्ध करायचा होता.

त्याची रीत अशी. डीएनए बांधायला थायमिडीन नावाची एक वीट लागते. आम्ही पेशींना तिच्यासारखीच दिसणारी एक नकली वीट खाऊ घालायचो. जी पेशी त्या वेळात नवा डीएनए बांधेल, तिच्या केंद्रकात ती वीट जाऊन बसायची आणि नंतर सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमकायची. बाकी सगळी केंद्रकं दुसऱ्या एका रंगानं निळी दिसायची. निळ्यांत हिरवी किती, एवढं मोजायचं. ऐकायला सोपं. करायला बसलं की कधी वीज जाते, कधी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर येत नाही, कधी शिपाई इनक्युबेटरचं बटण बंद करून जातो, कारण त्याला वाटतं मशीन उगाच चालू राहिलंय.

पेशी होत्या उंदराच्या. त्या मॅडमच्या एका मैत्रिणीनं मुंबईहून दिल्या होत्या. बाटली मांडीवर धरून, शालीत गुंडाळून, मी त्या रिक्षातून आणल्या होत्या. अशा पेशी एका प्रयोगशाळेतून दुसरीत विरजणासारख्या जातात. कुणाकडून तरी थोड्या आणायच्या, वाढवायच्या, त्यातल्या थोड्या पुढच्याला द्यायच्या. आणि विरजणाची एक रीत असते. आमच्याकडे दिवेलागणीनंतर ते कुणी देत नाही, आणि शेजारणीनं दिलं तर तिच्यासमोर वाटी नाकाशी नेऊन हुंगत नाही. तो तिच्या घराचा अपमान होतो. पेशी आल्यावर त्या स्वच्छ आहेत का हे तपासून घ्यायचं असतं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. मी तसं सुचवल्यावर मॅडम म्हणाल्या, तिच्याकडच्या आहेत गं, तिला काय वाटेल. मग आपण काही म्हणायचं नसतं.

शिवाय काळजी म्हणून आम्ही पेशींच्या पाण्यात पेनिसिलिन घालायचो. रोज, न चुकता. दुकानातून दोन गोळ्या आणून ताप दाबणारी आमची माणसं, आमच्या पेशींचं काय वेगळं होणार? बाटल्या कधी गढूळ झाल्या नाहीत. त्याचा आम्हाला केवढा अभिमान.

आकडेही छान आले. जिवाणू घातलेल्या पेशींत हिरवं जवळजवळ नाहीच. मॅडम खूश. फक्त एक गोष्ट मला खुपत होती. ज्या पेशींत जिवाणू घातलेलाच नव्हता, नुसत्या तुलनेसाठी ठेवल्या होत्या, त्याही मरगळलेल्याच होत्या. त्यांत जितकं हिरवं दिसायला हवं त्याच्या निम्मंही दिसत नव्हतं. मॅडमनी त्यावर भिवंडीचं पाणी, भिवंडीची वीज, इथला उकाडा, अशी सगळी मंडळी साक्षीला उभी केली. दुसरं म्हणजे, निळ्या केंद्रकांभोवती बारीक बारीक निळे ठिपके दिसायचे. रांगोळी सांडल्यासारखे.

"रुई आहे," मॅडम म्हणाल्या. "खिडकी लावून घेत जा."

मी खिडकी लावली. फटींना चिकटपट्टी लावली. ठिपके तसेच. तेव्हा मी शास्त्रज्ञासारखी वागले. ओढणीचा एक धागा काढला, काचेवर ठेवला आणि त्याच उजेडात पाहिला. तो निळा चमकला. कापूस त्या उजेडात चमकतोच. झालं, पुरावा मिळाला. दुसऱ्या कुठल्या गावात असा पुरावा कुणाला सुचलाही नसता. तिथं एखादीनं विचारलं असतं की बाई, धागा लांब असतो आणि तुझे ठिपके गोल आहेत. पण आम्ही रुईत जन्मलेली माणसं. आम्हाला ठिपका दिसला की तो रुईचाच.

मग सुताचे भाव चढले आणि मालकांनी लूम बंद ठेवले. असं अधूनमधून होतं. या वेळी बंद लांबला. बिहार-यूपीचे कारागीर गावी निघून गेले, चहाच्या टपऱ्या ओस पडल्या, आणि खटखट थांबली. आधी कानांना काही सुचेना. एकमेकांशी आम्ही ओरडूनच बोलत होतो, गरज नसताना. चार-सहा दिवसांत हवा निवळली. आईनं जाळी पुसली आणि ती दुसऱ्या दिवशीही पुसलेलीच राहिली, याचं तिला इतकं नवल वाटलं की तिनं शेजारणीला बोलावून दाखवली.

कॉलेजात मी नव्या काचा केल्या. खिडकी उघडी टाकून केल्या, आता भीती कसली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तर ठिपके हजर. तेवढेच, तसेच, केंद्रकांभोवती गोळा होऊन बसलेले. काचेचा जो भाग रिकामा होता तो लख्ख. रुई असती तर रिकाम्या जागेवरही पडली असती, ती काय पेशी बघून पडते? मी स्टुलावर बसून स्वतःलाच शिव्या घातल्या, आणि मग मॅडमना, त्यांच्या मैत्रिणीला, शिपायाला, सगळ्यांना रांगेनं घातल्या.

मुंबईच्या एका प्रयोगशाळेत नमुना पाठवला. उत्तर आलं: मायकोप्लाझ्मा. ते निळे ठिपके म्हणजे याचाच डीएनए; हा जिवाणूंमधला सगळ्यात चिल्लर प्राणी. त्याला बाहेरची भिंतच नसते. पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधायचं काम मोडतं, त्यामुळे ज्याला भिंतच नाही त्याला पेनिसिलिन पाण्यासारखं. तो पेशीला चिकटून राहतो, कधी आतही शिरतो, बाटली गढूळ करत नाही, पेशीला मारतही नाही. फक्त तिच्या विटा खातो. तेच ते थायमिडीन, ज्यावर माझा सगळा हिशेब उभा होता. माझ्या पेशी डीएनए बांधत नव्हत्या, कारण त्यांच्या विटा दुसराच कुणी पळवत होता. मी आत सोडलेल्या जिवाणूचा त्यात दोष किती आणि या बिनबुलाया पाहुण्याचा किती, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. एका घुसखोराचा अभ्यास करायला बसले आणि दुसरा घुसखोर माझ्याच पाटावर जेवत होता.

मॅडमनी कागद दोनदा वाचला. त्यांच्या निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. मला वाटलं, आता त्या म्हणतील की राहू दे, कुणाला कळतंय. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"फेकून दे," त्या म्हणाल्या. "सगळ्या."

मी सगळ्या बाटल्यांत ब्लीच ओतलं. त्या दिवशी घरी आले ती फणफणत. जेवायला बसल्यावर आईनं विचारलं, इतकी वर्षं सांभाळलेल्या त्या पेशी, त्यांना काही औषधपाणी करता आलं नसतं का? मी भाकरीचा तुकडा ताटात आपटला.

"औषध कसलं आई? एकदा आत शिरलं की ती पेशी कामातून गेली. दुसऱ्यांना लागण व्हायच्या आत फेकून द्यायची. बास."

बाबा ताट घेऊन उठले आणि मोरीत जाऊन स्वतःच घासायला लागले. आमच्या घरात बाबांनी ताट घासलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. पण माझं डोकं ब्लीचच्या वासात अडकलं होतं. मला वाटलं, पोरीची डागदरकी लांबली म्हणून रुसले असतील.

त्यानंतर त्यांचं काही तरी बदललं. पाण्याचा तांब्या वेगळा झाला. अंथरूण गॅलरीत गेलं, आत उकडतं म्हणून. शेजारचं लहान पोर मांडीवर यायला लागलं की तेच उठून उभे राहायचे. लूम बंद असल्यामुळे कारखान्यात जाणं नव्हतं, तरी दुपारभर घराबाहेर असायचे. आई म्हणाली, काम नाही म्हणून सैरभैर झालेत. मी म्हटलं असेल. मला नव्या पेशी कुठून आणायच्या याची विवंचना होती.

एका दुपारी मी घरी पेपर तपासत बसले होते. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. गॅलरीतून खोकला आला. आधी लहान, मग लांबलचक, तळातून ओढून काढल्यासारखा. खटखटीत आयुष्य गेल्यामुळे मी तो खोकला असा नुसता कधी ऐकलाच नव्हता. मी पेन खाली ठेवलं. जाळीकडे पाहिलं. जाळी स्वच्छ होती. बुद्धमूर्तीचे खांदे स्वच्छ होते. लूम बंद होऊन तीन आठवडे होत आले होते, गावात रुई उरली नव्हती, आणि खोकला होता तसाच होता.

मी उठून गॅलरीत गेले आणि भांडायलाच लागले. चला दवाखान्यात, आत्ताच्या आत्ता. ते म्हणाले, उद्या. उद्याचा परवा झाला. मी आवाज चढवला, आईनं रडून पाहिलं, ते ढिम्म. जुनी रुई हाय, आत साठलेली, असं सांगायला लागले. माणूस किती हट्टी असावा याला काही मर्यादा?

पौर्णिमेला आम्ही विहारात गेलो. बाबा पांढरा सदरा घालून, दाढी करून, नेहमीसारखे पुढच्या रांगेत. वंदना चालू असताना त्यांना उबळ आली. त्यांनी रुमाल तोंडाला लावला आणि न बघताच घाईनं खिशात कोंबला. रुमाल कुणी तसा कोंबत नाही. बाहेर आल्यावर मी चपला घालायच्या आधी त्यांच्या खिशात हात घातला. त्यांनी माझं मनगट धरलं, पण जोर लावला नाही. रुमाल उघडून मी पाहिला, घडी करून परत त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, आता बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर दवाखान्यात आले.

थुंकीत टीबीचा जिवाणू निघाला. छातीचा फोटोही तेच म्हणाला. दवाखान्यातल्या ताईंनी आम्हाला बाहेर बाकावर बसवलं आणि गोळ्या आणायला आत गेल्या. बाबा मांडीवर हात ठेवून बसले होते. त्यांचे ते लूमच्या ग्रीसनं कायमचे काळे झालेले हात.

"शेठला सांगू नको."

"नाही सांगत. पण रक्त पडत होतं आणि तुम्ही गप्प बसलात? मला तरी सांगायचं."

ते बाकावर माझ्यापासून हातभर लांब सरकले.

"तूच बोललीस ना जेवताना. येकदा आत शिरलं की कामातून गेली, दुसऱ्याला लागायच्या आत फेकून द्यायची. मंग तुला काय सांगू? फेक म्हनून?"

"त्या उंदराच्या पेशी होत्या बाबा," मी म्हणाले, आणि इतक्या जोरात म्हणाले की सगळी रांग वळून बघायला लागली. इतका राग मला त्यांचा कधी आला नव्हता, आणि इतकं प्रेमही. एवढा म्हातारा, संसार केलेला माणूस, माझ्या चिडक्या वाक्यावर विश्वास ठेवून गॅलरीत आपलं अंथरूण घेऊन गेला होता. आणि मी वर्षानुवर्षं शहाण्यासारखं सांगत होते, ते मात्र त्यांनी एकदाही ऐकलं नव्हतं.

नाक पुसून मी त्यांना पहिल्यांदा नीट समजावून सांगितलं. ज्या भक्षक पेशी मी बाटलीत वाढवत होते, तशाच त्यांच्या छातीत आहेत. टीबीचा जिवाणू त्यांच्या आत जाऊन बसलाय. पण बाटलीतल्या पेशी फेकल्या त्या माझा हिशेब चुकत होता म्हणून. माणसाचा हिशेब करायचा नसतो. या गोळ्यांतलं एक औषध पेशीच्या आत जातं, जिवाणूला गाठतं आणि त्याचं आरएनए बनवणारं यंत्रच अडकवून टाकतं. आपल्या पेशीचंही तसं यंत्र असतं, पण त्याची बनावट निराळी, म्हणून त्याला हे औषध हात लावत नाही.

"म्हंजे त्याचा लूम बंद पडतो," बाबा म्हणाले. "आपला चालू राहतो."

"हो. पण गोळी एक दिवस चुकवायची नाही. बरं वाटलं तरी नाही."

त्यांनी मान हलवली. तिसऱ्याच दिवशी सकाळी संडासातून त्यांची हाक आली ती अख्ख्या चाळीला ऐकू गेली. लघवी केशरी झाली होती. त्या औषधानं ती होतेच, आणि हे मी त्यांना दोनदा सांगितलं होतं. तेव्हा ते हो हो म्हणाले होते. ऐकलं काहीच नव्हतं.

लूम पुन्हा सुरू झाले, रुई पुन्हा जाळीवर बसली. नव्या पेशी मी पेशीपेढीतून पैसे भरून मागवल्या. आल्या त्या दिवशी तपासून घेतल्या, कुणाला काय वाटायचं ते वाटो. नकली वीट खाऊ घालून पहिली काच लावली आणि बघतच राहिले. निळ्याभोवती एक ठिपका नाही, आणि हिरवं, सगळीकडे हिरवं. निरोगी पेशी अशी दिसते हे मला तोवर माहीतच नव्हतं. मरगळलेल्यांनाच मी धडधाकट समजत आले होते. माझा जिवाणू नक्कल थांबवतो हे खरं निघालं, पण आम्ही लिहून ठेवलं होतं त्यापेक्षा कितीतरी कमी. ते सगळं आता नव्यानं लिहायचंय. मॅडम मधल्या काळात निवृत्त झाल्या. नवे मार्गदर्शक पनवेलला बसतात आणि फोन उचलत नाहीत.

बाबांचं वजन वाढलंय. अंथरूण आत आलं. कारखान्यात मी जाऊ देत नाही म्हणून दिवसभर माझ्या नावानं ओरडत असतात. सकाळी गोळी तळहातावर घेतात, पाण्याचा पेला उचलतात आणि माझ्याकडे बघून विचारतात, "फेकायचं न्हाय ना मला?" त्यांना वाटतं ही गंमत आहे. मी रोज चिडते, गोळी गिळेपर्यंत समोर उभी राहते, आणि रोज सांगते की नाही बाबा, फेकायचं नाही.